२३ माणसांच्या मशीन शॉपमध्ये एचआर नव्याने उभं करायचंय, सुरुवात कुठून करावी?

हिशेबनीस_नाशिक

नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीतलं मशीन शॉप आहे. सीएनसी आणि व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी कटिंग मशीन) मिळून ९ मशीन, दोन पाळ्या. कायम माणसं ऑफिस धरून १४, ठेकेदाराकडून आलेले ६ आणि ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेले ३. हजेरी वॉचमनच्या वहीत, पगार एक्सेलमध्ये, उचल डायरीत. नेमणूकपत्र फक्त ऑफिसमधल्या चौघांकडे आहे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) चालू आहे. पीएफ नाही, कारण कायम माणसं अजून २० झालेली नाहीत.

अकाउंट्सबरोबर एचआरही आता मलाच बघायचं आहे. प्रश्न असे:

१. कामाचा क्रम काय असावा? आधी काय, नंतर काय?
२. पगाराची रचना कशी ठेवावी? सध्या बेसिक कमी आणि भत्ते जास्त आहेत.
३. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापतो. हे चालतं का?
४. नवीन ऑपरेटर महिना-दीड महिन्यात सोडून जातात. यावर उपाय?
५. एक जुना ऑपरेटर १२ दिवस न कळवता गैरहजर आहे. मालक म्हणतात, नाव कमी करा. पद्धत काय?

---

मस्टररोल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक तातडीची गोष्ट. पीएफसाठी २० मोजताना फक्त कायम माणसं धरत नाहीत. ठेकेदाराची माणसं मोजतात. ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेलेही मोजतात, अपवाद फक्त अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार नोंदवलेल्यांचा. तुमचे १४, ६ आणि ३ मिळून २३ होतात. म्हणजे पीएफ लागू झालेला आहे, आणि ज्या दिवशी एकूण संख्या पहिल्यांदा २० झाली त्या दिवसापासून. नंतर संख्या १५ वर आली तरी तो सुटत नाही. वॉचमनची वही जपून ठेवा, ती तारीख त्यातूनच काढावी लागेल.

आता क्रम. माझ्या मते एचआरची सुरुवात माणसांच्या यादीपासून होते, धोरणांच्या फाइलपासून नाही. एका शीटवर २३ ओळी करा. नाव आधारवर आहे तसंच, जन्मतारीख, रुजू तारीख, हुद्दा, कुशल की अर्धकुशल की अकुशल, कोणाच्या पगारपत्रकावर, बँक खातं, यूएएन (पीएफचा कायम क्रमांक), ईएसआयचा विमा क्रमांक, वारसाचं नाव. ही शीट भरताना निम्म्या अडचणी आपोआप वर येतात. आधारवर ‘किसन’ आणि बँकेत ‘किशन’, जन्मतारखेत एका वर्षाचा फरक, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर टाकलेलीच नाही. या तीन गोष्टींमुळे पुढे पीएफ काढताना किंवा बदली करताना दावा अडकतो. माणूस कामावर असताना त्या दुरुस्त करणं सोपं. तो गावी निघून गेल्यावर फोनवर ओटीपी मागत बसावं लागतं.

दुसरी पायरी नेमणूकपत्र, सगळ्यांना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आहेत आणि त्यांत नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं बंधनकारक आहे. जुन्या कामगारांनाही द्या, त्यात रुजू तारीख मूळचीच लिहा. आजची तारीख रुजू तारीख म्हणून टाकली तर ग्रॅच्युइटीची मागची वर्षं गिळल्यासारखं होतं आणि वादाला पहिलं कारण तिथेच मिळतं. पत्रात हुद्दा, कामाचं स्वरूप, वेतनाचा तपशील, पाळी, साप्ताहिक सुट्टी, रजा, परिवीक्षा (प्रोबेशन) कालावधी, नोटिशीची मुदत आणि पीएफ-ईएसआय हे सगळं यावं. भाषा मराठी. उत्तरेकडची मुलं असतील तर हिंदी प्रत वेगळी काढा, न वाचता घेतलेल्या सहीचा दोघांनाही उपयोग नसतो. एक प्रत त्याच्या हातात, दुसरी त्याच्या सहीने फाइलमध्ये.

परिवीक्षा तीन किंवा सहा महिने लिहिता येते, पण ती संपण्याच्या १५ दिवस आधी कॅलेंडरमध्ये आठवण लावा आणि लेखी निर्णय द्या: कायम, मुदतवाढ कारणासह, किंवा समाप्ती. काहीच न लिहिता वर्षभर ‘प्रोबेशनवर’ ठेवलेला माणूस प्रोबेशनवर होता हे नंतर कोणी मान्य करत नाही. आणि सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा घ्यायची पद्धत असेल तर ती बंद करा. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसारही अनुचित कामगार प्रथा होती आणि नव्या संहितेतही ती आहे.

तिसरी पायरी हजेरी. बायोमेट्रिक बसवा, पण बसवलं म्हणजे झालं असं नाही. तीन ठिकाणी घोळ होतो. दुसऱ्या पाळीचा माणूस ओव्हरटाइम करून रात्री १२ नंतर बाहेर पडला की मशीन त्याचे दोन अर्धे दिवस करतं. सॉफ्टवेअरमध्ये पाळीचा दिवस सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६ असा लावून घ्या. पंच राहून गेला तर दुरुस्तीची चिठ्ठी त्याच दिवशी, सुपरवायझरच्या सहीने. महिनाअखेरीला आठवून केलेल्या दुरुस्त्या ओळखीपाळखीवर होतात आणि बाकीचे ते बघत असतात. तिसरं म्हणजे ठेकेदाराच्या माणसांचा पंच. तो घ्याच, तुमच्या आवारात कोण आहे हे अपघाताच्या दिवशी सिद्ध करावं लागतं.

महिन्याचं वेळापत्रक असं लावा: २ तारखेला हजेरी गोठवायची, ३ ला कच्चं पगारपत्रक, ४ ला सुपरवायझरकडून तपासणी, ५ ला बँकेची फाइल. मासिक पगाराची शेवटची तारीख ७. पीएफ आणि ईएसआय दोन्ही १५ पर्यंत. पगारचिठ्ठी पगार जमा होण्याआधी हातात किंवा मोबाइलवर पडली पाहिजे. आकडा समजला नाही तर माणूस आधी शेजारच्याला विचारतो, तुम्हाला नाही.

---

वेतनचिठ्ठी

प्रश्न २ आणि ३ घेतो.

कामगारांच्या पगाराचे तुकडे करण्यात आता काही राम राहिलेला नाही. संहितेतली ‘वेतना’ची व्याख्या अशी की घरभाडे, वाहतूक, ओव्हरटाइम, कमिशन असे वगळलेले घटक मिळून एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरची रक्कम पुन्हा वेतनात धरायची. उदाहरण: एकूण २०,०००, त्यात बेसिक व डीए (महागाई भत्ता) ६,०००, घरभाडे ८,०००, वाहतूक ६,०००. वगळलेले घटक १४,००० झाले, मर्यादा १०,०००. वरचे ४,००० बेसिकला जोडून वेतन १०,००० धरलं जातं. ‘स्पेशल अलाउन्स’ किंवा ‘इतर भत्ता’ हे वगळलेल्या यादीत मुळात नाहीतच, ते वेतनच. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्येच सांगितलंय की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी मूळ वेतनात धरायचा.

त्याआधी किमान वेतन तपासा. महाराष्ट्रात प्रत्येक अनुसूचित उद्योगाचं मूळ किमान वेतन परिमंडळ आणि कौशल्य यानुसार ठरलेलं असतं आणि विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. एक्सेल एप्रिलमध्ये एकदाच दुरुस्त करणाऱ्यांचा जुलैनंतरचा पगार किमान वेतनाखाली जातो. ही चूक फार सर्रास होते.

समजा एका माणसाचं बेसिक व डीए मिळून १५,००० आहे, भत्ता काहीच नाही. फक्त हिशेबासाठी आकडा धरतोय.

कामगाराकडून: पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे ११३, व्यवसाय कर २००. हातात १२,८८७. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापायचा, वर्षाचे २,५०० होतात. महिलांना मासिक २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, तो चुकून कापला जातोय का बघा.

मालकाकडून: पीएफ १,८००. त्यातले १,२५० पेन्शनमध्ये जातात आणि ५५० पीएफ खात्यात. ठेव-संलग्न विमा ०.५ टक्के म्हणजे ७५, प्रशासन शुल्क ०.५ टक्के म्हणजे ७५ (पूर्ण आस्थापनेचं मिळून महिन्याला किमान ५००). ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४८८. हे झाले २,४३८. मग जे दर महिन्याला दिसत नाही पण देणं असतं ते: बोनस ८.३३ टक्क्यांनी पूर्ण वेतनावर धरला तर १,२५०, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ७२१. म्हणजे १५,००० चा माणूस १९,४०९ ला पडतो, रजेचा पगार आणि गणवेश-बूट सोडून. जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधी आहे, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५. मालकांसमोर हा पूर्ण आकडा ठेवा. अंगावर येतो खरा, पण नवीन माणूस घ्यायचा की ओव्हरटाइम द्यायचा हा निर्णय त्याशिवाय नीट होत नाही.

ओव्हरटाइम दुप्पट दराने, आणि कामगाराच्या संमतीने. १५,००० भागिले २६ भागिले ८ म्हणजे तासाला ७२.१२, दुप्पट १४४.२३. ३० ने भागलं तर दुप्पट दर १२५ येतो. तासाला १९ रुपयांचा फरक, महिन्याला ४० तासांचे जवळजवळ ७७०. गैरहजेरी कापताना २६ ने भागायचं आणि ओव्हरटाइम देताना ३० ने, असं पाहिलं की कामगार ते दोन महिन्यांत पकडतो आणि मग कुठलाच आकडा खरा मानत नाही. द्यायला आणि कापायला भाजक एकच ठेवा.

ईएसआयमध्ये पगारवाढीचा महिना महत्त्वाचा. मर्यादा २१,०००. वर्गणीचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलच्या पगारातच वाढ देऊन माणूस २१,००० च्या वर गेला तर तेव्हाच बाहेर पडतो. वाढ मे मध्ये दिली तर वर्गणी सप्टेंबरअखेर चालूच ठेवायची. मे मध्येच नाव काढून टाकलं तर मधल्या काळातली वर्गणी नंतर व्याजासह भरावी लागते. आणि बाहेर पडणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे त्याला वेगळा आरोग्य विमा बघता येईल.

पीएफमधली एक नेहमीची चूक: १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणारा आणि ज्याचं पीएफ-वेतन १५,००० च्या वर आहे तो पेन्शन योजनेचा सभासद होत नाही. त्याच्या बाबतीत मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफ खात्यात जातात. एक्सेलमधलं जुनं सूत्र खाली ओढलं की तिथे १,२५० पेन्शनला जातात, आणि ही चूक उलगडायला महिने लागतात.

तीन लेटला अर्धा दिवस: बंद करा. गैरहजेरीची कपात ही गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते. तिन्ही दिवस मिळून ३५ मिनिटं उशीर असेल तर ३५ मिनिटांचे पैसे कापा, चार तासांचे नाही. दंड हा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी कोणत्या कृत्याला दंड ते आधी मंजूर करून लावलेलं असावं लागतं, माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. उचलीच्या हप्त्यासह सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांच्या आत राहिल्या पाहिजेत. डायरीतली उचल आता फॉर्मवर आणा: रक्कम, हप्ते, पहिला हप्ता कोणत्या महिन्यात, सही.

---

हिशेबनीस_नाशिक

खूप आभार. आमच्याकडे २० ची संख्या वर्षापूर्वीच ओलांडली असावी असं वहीवरून दिसतंय. मागच्या महिन्यांचा कामगारांचा वाटा आता हप्त्याने पगारातून कापता येईल का? आणि ठेकेदार म्हणतो की त्याच्या सहा जणांचा पीएफ तो भरतो.

---

मस्टररोल

नाही. कामगाराचा वाटा ज्या महिन्याचा त्याच महिन्याच्या पगारातून कापायचा असतो. मागे कापला नसेल तर दोन्ही वाटे मालकाचे. त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वेगळी नुकसानभरपाई, जी जून २०२४ पासून थकबाकीवर दरमहा १ टक्का आहे. म्हणून श्रम सुविधा पोर्टलवर नोंदणी या आठवड्यातच करा आणि लागू झाल्याची तारीख खरी टाका. आजची तारीख टाकून सुटता येत नाही, निरीक्षक जुनी मस्टर आणि बँक स्टेटमेंट मागतो. यापुढे कापलेला वाटा १५ तारखेच्या आतच भरा; उशिरा भरलेला वाटा आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं होतं. कापून भरलाच नाही तर प्रकरण फौजदारी होतं.

ठेकेदाराच्या शब्दावर जाऊ नका. दर महिन्याला बिल पास करण्याआधी तीन कागद घ्या: नावानिशी पीएफचा ईसीआर (पोर्टलवरचं मासिक विवरणपत्र) आणि भरणा पावती, ईएसआयची नावनिशी यादी, पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा. ही यादी तुमच्या गेटच्या पंचशी ताडून बघा. चलन खरं असतं, पण त्यात दुसऱ्याच साइटवरची नावं असतात, असं बऱ्याचदा होतं. ठेकेदाराने भरलं नाही तर मुख्य मालक म्हणून जबाबदारी तुमच्याकडे येते, मग ती त्याच्या बिलातून वसूल करा. ठेक्याच्या करारात हे कलम आहे का ते आजच बघा.

---

सेटर_शिकवतो

चौथा प्रश्न कागदाचा नाही, शॉपचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

दीड महिन्यात जाणारा माणूस बहुतेक वेळा चुकीचा निवडलेला नसतो, चुकीचं सांगून आणलेला असतो. ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ एवढ्या जाहिरातीवर आलेल्याला पहिले १५ दिवस डिबरिंगला (कापलेल्या भागाच्या कडा घासायला) बसवलं की तो जातो. म्हणून आधी प्रत्येक हुद्द्याचं एक पान लिहा: कोणत्या कंट्रोलवर काम, फक्त लोडिंग-अनलोडिंग की ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देणंही, कोणती मापनसाधनं, किती किलोचा जॉब (मशीनवर घडवायचा तुकडा) हाताने उचलायचा, पाळी कशी फिरते, हातात किती येणार आणि कोणत्या तारखेला. शेवटच्या दोन गोष्टी मुलाखतीत तोंडी नाही, कागदावर दाखवा. ‘१८ हजार’ असं ऐकून आलेल्याच्या खात्यात पहिल्या महिन्याला साडेपंधरा आले की त्याची बॅग भरलेलीच समजा.

निवड करताना अर्ध्या तासाची प्रत्यक्ष चाचणी घ्या. एक ड्रॉइंग हातात द्या आणि डेटम (माप जिथून धरायचं ती बाजू), टॉलरन्स (मापात चालणारा फरक), चिन्हं वाचायला सांगा. पाच पिना द्या, मायक्रोमीटरने मोजून लिहायला सांगा, त्यांतल्या दोन मुद्दाम टॉलरन्सबाहेरच्या ठेवा. मोजण्याआधी तो मायक्रोमीटरचं शून्य तपासतो का, पीन पुसतो का, रॅचेट वापरतो का, हे बघा. सेटरला (मशीन जुळवून देणाऱ्याला) विचारा की इन्सर्ट (टूलचं बदलायचं कापणारं टोक) बदलल्यावर पहिला पीस निघेपर्यंत काय काय करणार. आयटीआयची मूळ प्रमाणपत्रं पाहून लगेच परत करा, ठेवून घेऊ नका. दिवसभर मशीनवर ट्रायल घेणार असाल तर त्या दिवसाचा पगार द्या आणि ईएसआय नोंदणी आधी करा. ट्रायलच्या दिवशी बोट गेलं तर नोंदणी अपघातानंतरची दिसते, आणि मग खर्च, चौकशी सगळं मालकावर.

पहिला दिवस. निदान दोन तास मशीनपासून दूर आणि मग मशीनजवळ: इमर्जन्सी स्टॉप कुठे आणि तो दाबून बघायचा, चिप हुकने काढायची, हाताने नाही, एअर गन अंगावर मारायची नाही. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत. बऱ्याच ठिकाणी सुरक्षा म्हणून सरसकट मोजे वाटतात आणि लेथवर किंवा ड्रिलवर तोच मोजा हात आत ओढून घेतो. कडं, अंगठी, गळ्यातला गमछा काढायचा. संडास, पाणी, जेवणाची जागा, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा हे कुणीतरी बरोबर चालून दाखवा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नवा माणूस पहिल्या आठवड्यात नेमका तिथेच अवघडतो.

मग ७ व्या, ३० व्या आणि ९० व्या दिवशी दहा मिनिटं बसा. सुपरवायझरने नाही, तुम्ही. तीन प्रश्न पुरतात: सांगितलं होतं तेच काम मिळतंय का, शिकवतं कोण, पगारातलं काय कळलं नाही. उत्तर वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत त्याचं काय झालं ते सांगा. काहीच झालं नसेल तर तेही सांगा, कारणासह.

स्किल मॅट्रिक्स शॉपमध्ये भिंतीवर लावा. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यांत मशीन आणि कामं. चार पायऱ्या: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. नियम असा की प्रत्येक महत्त्वाच्या मशीनवर प्रत्येक पाळीत तिसऱ्या पायरीची निदान दोन माणसं असली पाहिजेत. जिथे एकच आहे तिथे तुमचं पुढचं प्रशिक्षण. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये आयएसओ ९००१ च्या ७.२ कलमाखाली हेच मागतात, पण खरा उपयोग पगारवाढीला होतो. वाढ मालकांच्या मर्जीवर दिसली की माणूस कंपनी बदलून वाढ मिळवतो. दोन नवीन मशीन शिकलास, रिजेक्शन ठरल्या मर्यादेत ठेवलंस की इतके रुपये, असं आधी लिहिलेलं असेल तर त्याला इथेच राहून वर जायचा रस्ता दिसतो. पायरी कोणी ठरवायची? सुपरवायझर आणि क्वालिटी दोघांनी मिळून, प्रत्यक्ष जॉब करवून. एकट्या सुपरवायझरवर सोडलं तर मॅट्रिक्स गावकी-भावकीचा तक्ता होतो.

---

चौकशी_फाइल

पाचवा प्रश्न. १२ दिवस गैरहजर म्हणून नाव कमी करू नका. ‘नोकरी सोडली’ असं गृहीत धरून मस्टरवरून नाव काढणं ही चौकशीशिवाय केलेली बडतर्फी ठरते, आणि जुना माणूस असेल तर मागच्या पगारासह परत घेण्याचा आदेश येऊ शकतो.

आधी फोन करा, घरी माणूस पाठवा. अपघात, दवाखाना, घरातलं आजारपण असं काही निघतं. ईएसआयच्या दवाखान्याचं प्रमाणपत्र असेल तर ती गैरहजेरी नाहीच. काही कळलं नाही तर पहिलं पत्र स्पीड पोस्टने, पोच घेऊन, स्थानिक आणि गावच्या अशा दोन्ही पत्त्यांवर: या तारखेपासून गैरहजर आहात, या तारखेपर्यंत हजर व्हा किंवा कारण कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा, पण तेवढ्यावर थांबू नका. सात-आठ दिवसांनी दुसरं पत्र. तरी उत्तर नाही तर आरोपपत्र आणि चौकशी. परत आलेली पाकिटं फोडू नका, तशीच फाइलला लावा. आणि तो मध्येच परत आला तर गेटवरून परत पाठवू नका. आत घ्या, लेखी खुलासा घ्या, मग काय ते ठरवा. गेटवरच्या वॉचमनला हे आधी सांगून ठेवा, बहुतेक केसेस ‘वॉचमनने आत सोडलं नाही’ या एका वाक्यावर उभ्या राहतात.

एकूण शिस्तीची साखळी: तोंडी समज, पण नोंद करून. मग लेखी ताकीद. गंभीर असेल तर आरोपपत्र. त्यात तारीख, वेळ, जागा, काय केलं, कोणी पाहिलं. ‘तुमचं वर्तन बरोबर नाही’ हा आरोप होत नाही. खुलाशाला निदान तीन दिवस. खुलासा पटला नाही तर घरगुती चौकशी. चौकशी अधिकारी तक्रारदार नसावा, साक्षीदारही नसावा, २३ जणांच्या शॉपमध्ये बाहेरचा माणूस घेतलेलाच बरा. कामगाराला साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यायचे, सहकारी प्रतिनिधी घेऊ द्यायचा, प्रत्येक पानावर सही, कामकाज त्याला कळणाऱ्या भाषेत. अहवालाची प्रत देऊन दुसरी कारणे दाखवा नोटीस, मगच शिक्षा. निलंबित ठेवलं तर पहिले ९० दिवस निर्वाह भत्ता ५० टक्के, विलंब कामगारामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के. राजीनामा दमदाटीने लिहून घेण्याची वाट कुणी सुचवली तर सरळ नकार द्या.

कोणी खरंच सोडून गेला तर हिशेबही लगेच करा. नव्या वेतन संहितेनुसार राजीनामा असो की काढणं, वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. म्हणजे ‘पुढच्या पगाराबरोबर’ ही सवय सोडावी लागणार. शिल्लक रजा, उचल, साधनं परत घेणं याची यादी आधीच तयार हवी. ग्रॅच्युइटी पाच वर्षं झालेल्याला, ठरावीक मुदतीच्या कामगाराला संहितेनुसार एक वर्षानंतर. शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष, ३० दिवसांत. आणि पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख त्याच महिन्यात टाका.

---

अंतर्गत_समिती

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून. १० किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती लागतेच, बायका दोनच असल्या तरी आणि ऑफिसातच असल्या तरी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निदान निम्म्या सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची, या विषयाची जाण असलेली. अध्यक्षपदासाठी इथे वरिष्ठ महिला नसेल तर मालकांच्या दुसऱ्या युनिटमधून घेता येते. मालकांच्या घरातल्या व्यक्तीला नेमू नका, तक्रार कोण करणार? तक्रारीची मुदत तीन महिने, चौकशी ९० दिवसांत. समितीची नावं मराठीत फलकावर लावा, फक्त फाइलमध्ये ठेवू नका. ठेकेदाराकडच्या आणि साफसफाईच्या बायकांनाही ही समिती लागू आहे, त्यांना ते वेगळं सांगावं लागतं. समिती न नेमल्यास ५०,००० पर्यंत दंड आहे. पण त्याहून मोठा तोटा असा की तक्रार आल्यावर घाईने नेमलेल्या समितीवर कुणाचाच विश्वास बसत नाही.

---

हिशेबनीस_नाशिक

यादीपासून सुरुवात करतोय, पीएफ नोंदणीचे कागद उद्या. शेवटचं एक: त्या तीन ट्रेनींचं काय करू? तिघेही आयटीआय झालेले आहेत, आठ महिन्यांपासून मशीनवर एकटे काम करतात.

---

मस्टररोल

मग ते ट्रेनी नाहीत, ऑपरेटर आहेत. रुजू तारीख आठ महिन्यांपूर्वीची धरून नेमणूकपत्र द्या, कुशल किंवा अर्धकुशल जे असेल त्या किमान वेतनावर आणा, मागे कमी दिलं असेल तर फरक काढून द्या.

खरे अप्रेंटिस घ्यायचे असतील तर ते पोर्टलवर करार नोंदवून, ठरलेल्या ट्रेडला, ठरलेल्या मुदतीसाठी. ३० माणसांपासून पुढे ते घेणं सक्तीचं, ४ ते २९ मध्ये ऐच्छिक. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये सरकार देतं. करार नोंदवल्याच्या तारखेआधीचे दिवस अप्रेंटिसशिपमध्ये धरत नाहीत, म्हणून पोरगा मशीनजवळ उभा राहण्याआधी करार मंजूर झालेला हवा. आणि त्याला सेटर_शिकवतो यांच्या मॅट्रिक्समध्ये पहिल्या पायरीवर लिहा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात तोही एकटाच मशीन चालवताना दिसेल.